चालता चालता गाडीची बॅटरी बसली तर नवीन बॅटरी घ्यायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी म्हणजे मोटारसायकल, इंजेक्शनवाली (कार्ब्युरेटर नसलेली), तीन वर्षं झालेली, पुढं दोन फॉग लाईट बाहेरून लावलेले. आठवड्यातून दोन-तीनदा कामासाठी सोलापूर-विजापूर जाणं-येणं. त्याच रस्त्यावर टाकळीच्या अलीकडं चालता चालता हँडलसमोरचा मीटर बंद पडला, मग इंजिन बंद. पिकअपमध्ये घालून सोलापूरला आणली, गॅरेजमध्ये बॅटरी गेलीय म्हणून नवीन टाकली. तीन दिवस काही नाही, चौथ्या दिवशी हत्तूरच्या पुढं परत तेच. परत दाखवली तर बॅटरीला मल्टीमीटर लावून चार्जिंग ओके आहे म्हणाले. आता विचारतायत की नेमकं काय गेलंय, आणि परत भर उन्हात असं झालं तर रस्त्यावर काय करायचं.

मी सोलापुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम बावीस वर्षं करतोय, त्यामुळं सविस्तर लिहितो, जरा लांबेल, पण ही तक्रार घेऊन महिन्याला चार-पाच जण तरी येतात आणि त्यातल्या बहुतेकांनी येताना एक नवीन बॅटरी आधीच विकत घेतलेली असते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही म्हणून प्रत्येक घरात टाकी आहे. टाकी पाणी तयार करत नाही, नळाचं आलेलं साठवते फक्त. बॅटरी म्हणजे ती टाकी. गाडी चालू असताना करंट तयार होतो तो इंजिनच्या डाव्या किंवा उजव्या कव्हरच्या आत, मॅग्नेट आणि कॉइलमध्ये, त्याला स्टेटर म्हणतात. क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावर, मॅग्नेट फिरतो, आत तांब्याची कॉइल बसलेली असते, तिच्यातून तीन वायरी बाहेर येतात, बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या. त्यातून एसी करंट येतो आणि जातो रेग्युलेटरला, आपल्याकडं जुने मेकॅनिक त्यालाच कटआउट म्हणतात, नवीन पोरं आरआर म्हणतात. तो एसीचा डीसी करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास अडवून धरतो, तिथनं ते बॅटरीला. आता नळाचं पाणीच यायचं थांबलं असेल तर नवीन टाकी आणून काय होणार? भरून आणलेली टाकी जेवढे दिवस पुरेल तेवढे दिवस पुरेल. तुमचे ते तीन दिवस म्हणजे दुकानातून चार्ज होऊन आलेली बॅटरी संपायला लागलेला वेळ आहे.

म्हणून साधा हिशोब: गाडी सकाळी सुरूच होत नाही पण एकदा सुरू झाल्यावर दिवसभर छान चालते, तर बॅटरीवर संशय घ्या. गाडी चालता चालता बंद पडते तर चार्जिंगवर संशय घ्या. ह्याला अपवाद असतात, बॅटरीचा टर्मिनल ढिला असला तरी चालती गाडी बंद पडते, पण दहातल्या आठ वेळा हा हिशोब बरोबर येतो.

आता मीटर लावून ओके म्हणाले त्याबद्दल. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही, थंड गाडीवर ओकेच दाखवत असणार. चार्जिंगचे बरेच फॉल्ट तापल्यावर येतात. कॉइलच्या तारेवरचं इनॅमल (लेप) जळत आलेलं असेल, तर थंड असताना वेढे एकमेकांपासून सुटे राहतात आणि तापून फुगले की चिकटतात. सॉकेटमधली पिन ढिली असेल तर थंडीत टेकलेली असते, गरम झाली की सुटते. तुमची गाडी दोन्ही वेळा चालून तापल्यावर बंद पडलीय, तेव्हा टेस्ट करायची तर ऊन असताना तीस-चाळीस किलोमीटर पळवून आणून, इंजिन बंद न करता, तिथल्या तिथं मीटर लावायचा. गॅरेजवाल्याला हे आधी फोन करून सांगा, की मी आलो की लगेच बघा, गाडी रांगेत लावून दोन तासांनी बघितली तर काहीच सापडणार नाही.

मीटरचे आकडे सांगतो, लिहून ठेवा. गाडी रात्रभर बंद असेल आणि बॅटरी चांगली भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.८ च्या खाली म्हणजे संपली धरा. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली येतो, तो ९.५-१० च्या खाली जायला नको, गेला तर बॅटरीत दम नाही. गाडी चालू करून आयडलला, म्हणजे रेस न देता, १३ च्या वर यायला पाहिजे, आणि रेस देऊन चार-पाच हजार आरपीएमला १३.८ ते १४.५. रेस दिली तरी १२.५ वरनं हलत नाही, उलट हळूहळू उतरतोय, तर चार्जिंग बंद आहे. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर अडवायचं काम करत नाही, ते जास्त धोक्याचं आहे, त्याच्यावर पुढं येतो.

मीटर नसला तर? हेडलाइट बॅटरीवर चालणारा असेल तर सावलीत भिंतीसमोर किंवा रस्त्यात एखाद्या झाडाखाली गाडी उभी करून आयडल आणि रेस असं करून बघा. साध्या बल्बचा उजेड रेसबरोबर जरा तरी वाढतो. अजिबात फरक पडत नाही तर शंका घ्या. एलईडीवाल्या गाड्यांत हे कळत नाही. पण मी म्हणतो दोन-तीनशे रुपयांत छोटा मल्टीमीटर येतो, तो सीटखाली असू द्या, आणि रोज लांब जात असाल तर हँडलला व्होल्टेज दाखवणारा यूएसबी चार्जर बसवा. त्यावर १४.२, १४.३ बघायची सवय लागली की ज्या दिवशी १२.४ दिसेल त्या दिवशी गाडी बंद पडायच्या अर्धा तास आधीच कळेल. तो अर्धा तास लई किमती आहे.

बाकी लक्षणं पण आधी येतात, आपण दुर्लक्ष करतो. हॉर्न घोगरा होतो. इंडिकेटरची लय बिघडते. एबीएसचा दिवा कारण नसताना लागतो, कारण एबीएसच्या युनिटला व्होल्टेज कमी पडला की ते सगळ्यात आधी तक्रार करतं. मीटरचा काटा एकदम पूर्ण फिरून शून्यावर येतो, घड्याळ रीसेट होतं. वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग करायला लागते आणि माणूस पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणून पंपवाल्याशी भांडायला जातो.

आता रस्त्यावरचं काम. समजा मंद्रूपच्या पुढं गाडी हळूहळू मरायला लागलीय. पहिल्यांदा इंजिन बंद करू नका. बंद केलं तर परत सुरू करायला जो सेल्फ लागेल तो उरलेली बॅटरी खाऊन टाकेल. दिवस असेल तर हेडलाइट तोडा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, त्याला बटणच नाही, म्हणून मागून बल्बचं सॉकेटच ओढून काढायचं, किंवा हेडलाइटचा फ्युज वेगळा असेल तर तो काढायचा. साधा ५५ वॅटचा बल्ब एकटा साडेचार अँपिअर खातो. फॉग लाईट बंद, मोबाईल चार्जिंग बंद. ब्रेकवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती त्या दिवशी सोडा, ब्रेक लाईट पण खातो. इंडिकेटरच्या ऐवजी हात दाखवा. मोठ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, एकसारखं चाळीस-पन्नासनं चालवा, आणि मधी चहाला थांबू नका.

हिशोब करून दाखवतो म्हणजे किती लांब जाता येईल ते कळेल. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंप, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, इग्निशन कॉइल असं सगळं मिळून चार-पाच अँपिअर धरा. बॅटरी ८ अँपिअर-अवरची. पण तुमच्या लक्षात येईपर्यंत ती निम्मी तरी संपलेली असते आणि शेवटच्या थेंबापर्यंत ती चालत नाही, व्होल्टेज पडला की ईसीयू आधीच हात वर करतो. म्हणजे हाताशी राहिले साडेतीन अँपिअर-अवर, त्यात पाऊण तास धरा, पन्नासच्या स्पीडनं पस्तीस किलोमीटरच्या आत. मंद्रूपहून सोलापूर गाठता येतं, विजापूर गाठता येत नाही. हेडलाइट चालू ठेवला तर हेच अंतर निम्मं. त्यामुळं लाईट तोडायचा निर्णय पहिल्या मिनिटात घ्या, गाडी धक्के खायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

रात्र असेल तर ह्यातलं काहीच करू नका. हायवेवर बिनलाइटची गाडी, मागून साखर कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक, मी तसला अपघात बघितलेला आहे. ढाबा किंवा पेट्रोल पंप जवळ असेल तेवढंच जा, तिथं गाडी लावा, घरी फोन करा, छोटा हत्ती मागवा. दुसऱ्या गाडीवाल्यानं पाय लावून टोचन करत आणायचं पण हायवेवर नको, गावात ठीक आहे.

गाडी बंदच पडली तर दहा-पंधरा मिनिटं सावलीत उभी करा, चावी काढून. बॅटरी थोडी सावरते, कधी कधी तेवढ्यावर एकदा सुरू होते. तोपर्यंत पाणी प्या आणि सीट काढून बघायला लागा. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हातानं हलवून बघा, हलले तर आवळा. मेन फ्युज बघा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा टाका, तांब्याची वायर गुंडाळून घालू नका, फ्युज जाण्याऐवजी वायरिंग जळेल. नवीन फ्युज पण लगेच गेला तर रेग्युलेटर आतून शॉर्ट असायची शक्यता मोठी, त्याचं सॉकेट काढून बाजूला करा, मग फ्युज टाका आणि बॅटरीवर जेवढं जाता येईल तेवढं जा.

त्यानंतर कॉइलपासून आलेल्या तीन वायरींचं सॉकेट शोधा. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त फॉल्ट इथंच सापडतो, कॉइलपेक्षा पण जास्त आणि रेग्युलेटरपेक्षा पण जास्त. पांढरं किंवा काळं प्लास्टिकचं सॉकेट असतं, त्यातनं सतत दहा-पंधरा अँपिअर जातात. गाडी धुताना प्रेशरचं पाणी मारलं की आत ओल राहते, पिनांवर हिरवं चढतं, मग तिथं अडथळा तयार होतो, अडथळा म्हणजे उष्णता, उष्णतेनं पिन अजून ढिली, असं चक्र. हात लावायच्या आधी जरा जवळ नेऊन बघा, चटका बसतो. प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालं असेल, एखादी पिन वितळून आत बसली असेल, जळकट वास येत असेल, तर सापडलं.

ह्याचा रस्त्यावरचा इलाज सोपा आहे. इंजिन बंद करा, दोन्ही बाजूंनी सॉकेट कापून टाका, वायरीचं काळं पडलेलं टोक पण कापा, आत लखलखीत तांबं दिसेपर्यंत सोला, आणि तीन वायरी तिकडच्या तीन वायरींना सरळ पिळून जोडा, प्रत्येकीला वेगळी टेप. कुठली पिवळी कुठल्या पिवळीला ह्याची काळजी करू नका, तीन फेजला क्रम लागत नाही, कशीही जोडली तरी चालतं. फक्त पिवळी लाल-काळ्याला चुकून जोडू नका. घरी आल्यावर चांगली लग दाबून किंवा सोल्डर करून, वरनं स्लीव्ह चढवून पक्कं करून घ्या. मी तर बऱ्याच गाड्यांना सॉकेट परत घालतच नाही, सोल्डर करूनच देतो.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालतं. मंगळवेढ्याहून येत होतो, बेगमपूरचा भीमेचा पूल ओलांडला आणि कामतीच्या अलीकडं गाडी बंद. दुपारचे साडेचार, ऊन मी म्हणत होतं. सीट काढली तर सॉकेटची मधली पिन जळून प्लास्टिकमध्ये रुतलेली. बाजूला डाळिंबाच्या बागेत एक मामा फवारणी करत होते, त्यांच्याकडून विळा घेतला, सॉकेट कापलं, वायरी सोलून जोडल्या. काम झालं पण बॅटरी एवढी उतरलेली की सेल्फची नुसती टिकटिक, आणि माझ्या गाडीला किक नव्हती. मामा उभे राहून बघत होते, म्हणाले, ह्यात किती व्होल्टची असते ओ? बारा म्हणालो. त्यांनी पाठीवरचा फवारणीचा पंप खाली ठेवला, तळाचं झाकण काढलं आणि आतली बॅटरी काढून माझ्या हातात दिली. बारा व्होल्ट, आठ अँपिअर, वरती ठसठशीत लिहिलेलं. बावीस वर्षांतली पहिली काही वर्षं तेव्हा झाली होती, पण हे मला सुचलं नव्हतं.

माझी बॅटरी सोडवली, पंपाच्या बॅटरीच्या पट्टीच्या टर्मिनलला वायरी गुंडाळून टेप लावली, लाल लालला, काळी काळीला, दोनदा तपासून. सेल्फ मारला नाही, मामांनी आणि त्यांच्या पोरानं ढकललं, सेकंड गिअरला क्लच सोडला, सुरू. जोड नीट बसलेला असल्यामुळं चार्जिंग पण सुरू झालं, आणि उजेडात सोलापूरला पोचलो. मामांनी जाताना एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी सातला फवारणी हाय, तेवढं आधी आणून द्या." साडेसहाला नेऊन दिली, नेलेली त्यापेक्षा जास्त भरलेली. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, गावात गाडी बंद पडली तर बॅटरीचं दुकान शोधत बसू नका, फवारणीचा पंप शोधा. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबाच्या कुठल्याही वस्तीवर मिळतो. तो नाही तर झेरॉक्स-कॉम्प्युटरच्या दुकानातल्या छोट्या यूपीएसची बॅटरी, ती पण बारा व्होल्ट सात अँपिअरची असते. ह्या बॅटऱ्या सेल्फ ओढायला केलेल्या नाहीत, म्हणून जमेल तिथं ढकलूनच सुरू करा. उलटी मात्र लावू नका, लाल-काळा उलटा झाला तर रेग्युलेटरचे डायोड त्या क्षणी जातात.

ढकल-स्टार्टचं पण सांगून टाकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एसी सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) असेल तर बॅटरी मेली तरी गाडी ढकलून सुरू होते आणि चालते पण, कारण इग्निशनचा करंट थेट मॅग्नेटमधल्या कॉइलमधून येतो. डीसी सीडीआयला बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. इंजेक्शनच्या गाडीला, म्हणजे २०२० च्या बीएस-६ नंतरच्या जवळपास सगळ्याच, आधी पंपानं प्रेशर करायला लागतं. चावी लावल्यावर टाकीतनं तो दोन सेकंदांचा घूंऽऽ आवाज येतो का ऐका. आवाजच येत नाही तर मे महिन्याच्या उन्हात गाडी ढकलत पळू नका, ती सुरू होणार नाही आणि तुम्हाला चक्कर येईल.

एक काम कुणीही सांगितलं तरी करू नका. चार्जिंग बघायला चालू गाडीचा बॅटरीचा टर्मिनल काढून बघायची जुनी पद्धत आहे. जुन्या गाड्यांत खपून जायचं. आता बॅटरी निघाली की रेग्युलेटरचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू, मीटर, एलईडी ह्यातलं काहीतरी जातं. दोनशेच्या मीटरनं जे कळतं त्यासाठी हजारो रुपयांचा ईसीयू पणाला लावायचा नाही.

आता ओव्हरचार्जिंग. बल्ब वारंवार उडतायत, बॅटरीचं पोट फुगलंय, सीटखालून आंबूस उग्र वास येतोय, मीटरवर १५ च्या वर. रस्त्यात असं दिसलं तर थांबा आणि ते तीन पिवळ्या वायरींचं सॉकेट सोडवून दोन्ही टोकं टेपनं नीट गुंडाळा, कारण गाडी चालू असताना त्या सुट्या टोकांवर साठ-सत्तर व्होल्ट एसी येतो, झटका बसतो आणि एकमेकांना टेकले तर ठिणगी. त्यानंतर वर सांगितलं तसं लाईट तोडून बॅटरीवर घर गाठा.

रेग्युलेटर का जातात ह्याचं एक कारण आपल्या भागातलंच आहे. त्याला पंख्यासारख्या फिन असतात, वारा लागून थंड व्हायला. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं गेलं की काळी माती त्या फिनमध्ये बसते आणि वाळून दगड होते. वर उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. तो तापणार नाही तर काय. पावसाळा संपल्यावर एकदा टूथब्रशनं साफ करा, आणि त्याचे बोल्ट फ्रेमला घट्ट आहेत का बघा, तिथूनच त्याची उष्णता जाते आणि काही गाड्यांत अर्थिंग पण.

फॉग लाईटबद्दल. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीचा स्टेटर पाच हजार आरपीएमला साधारण दीडशे ते दोनशे वॅट देतो, आयडलला त्याच्या निम्मं पण नाही. गाडी स्वतः साठ-सत्तर वॅट खाते, हेडलाइट वेगळा, त्यात बाहेरचे दोन दिवे चाळीस वॅटचे आले की विजापूर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही कमावण्यापेक्षा जास्त खर्च करताय. हायवेला भरून निघतं, शहरात निघत नाही. रिले (दिव्यांचा करंट वेगळ्या वायरीनं नेणारा स्विच) लावलेत का आणि कुठून कनेक्शन घेतलंय ते पण बघून घ्या, बऱ्याचदा रेग्युलेटरच्याच वायरीला चिमटा मारून घेतलेलं असतं आणि तोच जोड पुढं जळतो.

काहीजण म्हणतात एलईडी हेडलाइट टाकला की कॉइलवरचा लोड कमी होतो. बॅटरीच्या दृष्टीनं बरोबर आहे, तिच्यासाठी करंट जास्त शिल्लक राहतो. पण बहुतेक गाड्यांतले रेग्युलेटर शंट पद्धतीचे असतात, म्हणजे जो करंट गाडीला नको असतो तो ते कॉइललाच शॉर्ट करून जिरवतात. कॉइल तेवढीच तापत राहते, आणि तिला आराम मिळत नाही तो नाहीच.

घरी पोचल्यावर कॉइल तपासायची पद्धत. तीन वायरींचं सॉकेट सोडवा, गाडी चालू करा, मीटर एसीवर, दोन-दोन वायरींत मोजा, तीन जोड्या होतात. आयडलला पंधरा-वीसच्या वर, पाच हजाराला पन्नास ते सत्तर, गाडीगणिक आकडा बदलतो, पण तिन्ही जोड्या सारख्या आल्या पाहिजेत. ५५, ५४, ३० आले तर कॉइल गेली. मग इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी आणि इंजिनची बॉडी ह्यात कंटिन्युटी बघा (जोड असला की मीटर वाजतो), एकही वाजायला नको. वाजली तर कॉइल बॉडीला लागलीय. वायरी-वायरीतला रेझिस्टन्स एक ओहमच्या आत असतो, पण स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढं दाखवतात, म्हणून दोन टोकं एकमेकांना लावून आधी काय येतंय बघा आणि ते वजा करा. कॉइल तिन्हीकडं सारखी, बॉडीला लागलेली नाही, सॉकेट स्वच्छ, तरी बॅटरीवर १४ येत नाही, तर रेग्युलेटर, पण त्याआधी गाडी रेसवर ठेवून रेग्युलेटरची लाल वायर आणि बॅटरीचा प्लस ह्या दोघांत मीटर लावा. तिथं ०.३ व्होल्टच्या वर आलं तर मधल्या जोडात अडथळा आहे, नवीन रेग्युलेटर घालून पण तेच होणार. अर्थच्या बाजूला पण असंच.

कॉइल गेलीच असेल तर नवीन ओरिजिनल घाला, रिवाइंडिंग दुसरा पर्याय. रिवाइंडिंग करणारे आपल्याकडं भरपूर आहेत पण त्यातले बरेच विहिरीच्या पाणबुडी मोटारी भरणारे. त्या मोटारीतली वायर प्लास्टिकच्या आवरणाची असते, ती पाण्यात थंड राहते. गाडीच्या इंजिनात उकळतं ऑइल असतं, तिथं ती वितळते. गाडीच्या कॉइलला जास्त उष्णतेचं इनॅमल असलेली तांब्याची वायर लागते, १८० डिग्रीच्या पुढची. देताना तोंडावर विचारा कुठली वायर घालणार, तो गडबडला तर कॉइल परत घेऊन या. कव्हर उघडलंच आहे तर गॅस्केट नवीन, आणि कॉइल जळलेली असेल तर ऑइल पण बदला, त्यात जळक्या वार्निशचे कण असतात.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज: सॉकेट नाहीतर तापल्यावर शॉर्ट होणारी कॉइल. रेग्युलेटर तिसरा. ह्या आठवड्यात विजापूरला जाऊ नका, तुळजापूर रोडला तामलवाडीपर्यंत एक चक्कर मारून या, घराजवळ आल्यावर इंजिन चालू ठेवूनच बॅटरीवर मीटर लावा, आणि लगेच सॉकेट जवळून बघा. आकडे कागदावर लिहा, आयडलचा, रेसचा, तिन्ही जोड्यांचे, आणि तो कागद घेऊन मेकॅनिककडं जा. नवीन बॅटरी एकदा पूर्ण उतरलीय, ती आधी चार्जरवर हळू चार्ज करून घ्या, ८ अँपिअरच्या बॅटरीला एक अँपिअरच्या आत, रात्रभर. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या रांगेत लावू देऊ नका. चार्ज होऊन दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली आली तर तिला पण मार बसलाय, वॉरंटीचं कार्ड काढून ठेवा. फॉग लाईटचं कनेक्शन तोवर काढून टाका, दोष सापडून आठवडाभर गाडी नीट चालली की रिले लावून परत जोडा.